विश्लेषण : निखळलेला खांदा व्यायामाने सावरतो का? वोक्सपुढचा पेच आणि जिममधला धोका

ओव्हलवर ४ ऑगस्टच्या सकाळी इंग्लंडचा नववा गडी बाद झाला तेव्हा विजयासाठी १७ धावा बाकी होत्या. पॅव्हिलियनच्या पायऱ्या उतरून ख्रिस वोक्स मैदानात आला. डावा हात स्वेटरच्या आत स्लिंगमध्ये बांधलेला आणि उजव्या हातात बॅट. प्रेक्षक उभे राहिले. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही. पण गस ॲटकिन्सनला स्ट्राइक मिळावा म्हणून तो धावला आणि धावताना होणारी वेदना त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. अखेर मोहम्मद सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, भारत ६ धावांनी जिंकला आणि मालिका २-२ अशी सुटली. त्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी, २९ सप्टेंबरला, ३६ वर्षांच्या वोक्सने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

या आठ आठवड्यांत त्याच्यासमोर जो प्रश्न होता, तो खांदा एकदा उतरलेल्या प्रत्येकाला पडतो. मग तो कबड्डीपटू असो, दहीहंडीच्या थरावरून घसरलेला गोविंदा असो की बेंच प्रेस मारणारा कॉलेजचा विद्यार्थी. शस्त्रक्रिया करायची की व्यायामाने स्नायू बळकट करून खांदा जागेवर धरून ठेवायचा?

वोक्सच्या बाबतीत काय घडले?

ओव्हल कसोटीच्या पहिल्याच दिवशी, ३१ जुलैला, करुण नायरने मारलेला चेंडू सीमारेषेजवळ अडवताना वोक्स डाव्या खांद्यावर पडला आणि खांदा निखळला. त्या कसोटीत त्याने पुन्हा गोलंदाजी केली नाही. सामन्यानंतर त्याने स्वतःच दोन पर्याय सांगितले होते. शस्त्रक्रिया केली तर सावरायला तीन ते चार महिने लागणार आणि पर्थला २१ नोव्हेंबरपासून सुरू होणारी ॲशेस मालिका हातची जाण्याची भीती. शस्त्रक्रिया टाळून खांदा बळकट करण्याचा मार्ग धरला, तर साधारण आठ आठवड्यांत उभे राहता येईल, पण खांदा पुन्हा निखळण्याचा धोका राहणार. हा धोका पत्करण्याची तयारी त्याने बोलून दाखवली होती.

ॲशेससाठीचा संघ २३ सप्टेंबरला जाहीर झाला तेव्हा त्यात वोक्सचे नाव नव्हते. त्याला केवळ खांद्यामुळे वगळले, असे म्हणणे सोपे ठरेल. भारताविरुद्धच्या मालिकेत त्याची गोलंदाजी फारशी प्रभावी ठरली नव्हती, वयही बाजूने नव्हते आणि इंग्लंडचे व्यवस्थापन पुढच्या फळीतील गोलंदाजांकडे पाहत होते. तरीही ६२ कसोटींत १९२ बळी घेतलेल्या गोलंदाजाची शेवटची मालिका या दुखापतीने ठरवली, हे नाकारता येत नाही.

एक बारकावा इथे महत्त्वाचा. वोक्स उजव्या हाताने गोलंदाजी करतो आणि निखळला तो डावा खांदा. मग अडचण काय, असे वाटू शकते. पण वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्याआधी पुढचा हात आकाशाकडे उंचावतो आणि जोराने खाली ओढतो. त्या ओढीतून धड फिरते आणि चेंडूला वेग मिळतो. शिवाय क्षेत्ररक्षणात झेप घेताना कोणता हात आधी टेकेल, हे कोणी ठरवून पडत नाही.

खांदाच का उतरतो?

शरीरातील मोठ्या सांध्यांमध्ये सर्वाधिक वेळा निखळणारा सांधा खांद्याचा. त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसावा तसा बसतो. खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा बशीवर ठेवलेल्या मोसंबीसारखा असतो. गोळा मोठा, बशी उथळ आणि लहान. या उथळपणामुळेच हात डोक्यावर, पाठीमागे, बाजूला असा सगळीकडे फिरतो. हालचालीचे हे स्वातंत्र्य स्थैर्याच्या मोबदल्यात मिळालेले आहे.

बशीच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची गोल किनार असते. ती बशी थोडी खोल करते. सांध्याभोवती एक पिशवी आणि अस्थिबंध असतात. या सगळ्याला निष्क्रिय आधार म्हणता येईल. दोरी ताणली गेली की थांबवते तसे ते काम करतात. हालचालीच्या शेवटच्या टोकाला त्यांचा उपयोग होतो, मधल्या टप्प्यात ते सैल असतात.

मधल्या टप्प्यात गोळा बशीच्या मध्यावर दाबून ठेवण्याचे काम स्नायू करतात. खवाट्यापासून, म्हणजे पाठीवरच्या पात्यापासून, निघून दंडाच्या हाडाला चिकटणारे चार छोटे स्नायू मिळून रोटेटर कफ तयार होतो. छाती किंवा बायसेप्ससारखे ते आरशात दिसत नाहीत, त्यामुळे जिममध्ये त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही. पण हात कुठेही फिरो, गोळा बशीवरून घसरू न देण्याची जबाबदारी त्यांची. आणि ज्या खवाट्यावर ही बशी बसवलेली आहे, तो स्वतः बरगड्यांवर सरकत असतो. त्याला योग्य कोनात फिरवणारे स्नायू वेगळे. हात वर गेला आणि खवाटा सोबत फिरला नाही, तर बशी चुकीच्या दिशेला तोंड करून राहते. मग चेंडूखालून टेबलच तिरके केल्यासारखे होते.

खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो. धोक्याची स्थिती ठरलेली आहे. हात बाजूला खांद्याच्या उंचीला, कोपर वाकलेले आणि मनगट मागे गेलेले, म्हणजे चेंडू फेकायला मागे नेलेला हात. कबड्डीत साखळी पकड करताना पसरलेल्या हाताला चढाईपटूने हिसका दिला की हीच स्थिती तयार होते.

पहिल्यांदा निखळला की आत काय तुटते?

ब्रिटिश शल्यचिकित्सक आर्थर बँकार्ट यांनी १९२३ मध्ये याचे उत्तर मांडले. गोळा पुढे सरकताना लॅब्रमची पुढची कड बशीपासून सुटते. या इजेला आजही त्यांचेच नाव आहे. गोळ्याच्या मागच्या बाजूला बशीची कड घुसून खळगा पडतो, त्याला हिल-सॅक्स म्हणतात. हिल आणि सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टनी तो १९४० मध्ये एक्स-रेमधून दाखवला होता. काही वेळा बशीच्या हाडाचा तुकडाच तुटतो.

व्यायामाबद्दलच्या साऱ्या चर्चेचे मूळ इथे आहे. सुटलेली कड व्यायामाने पुन्हा शिवली जात नाही. तुटलेले हाड डंबेलने भरून येत नाही. व्यायाम फक्त सक्रिय आधार वाढवतो. तेवढा पुरेसा आहे का, हे खांदा कशामुळे अस्थिर झाला यावर अवलंबून आहे.

अमेरिकी शल्यचिकित्सक बर्कहेड आणि रॉकवूड यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा फरक फार स्पष्ट दिसला. १४० अस्थिर खांद्यांना त्यांनी ठरावीक स्नायुबळ कार्यक्रम दिला. अपघाताने अर्धवट निसटू लागलेल्या ७४ खांद्यांपैकी फक्त १२ खांद्यांना, म्हणजे १६ टक्क्यांना, चांगला फायदा झाला. कोणत्याही मोठ्या इजेविना, मुळातच सैल असलेल्या ६६ खांद्यांपैकी ५३ खांदे, म्हणजे ८० टक्के, सुधारले. अभ्यास जुना आहे, तेव्हाचे व्यायामही आजच्या तुलनेत साधे होते. पण एकच व्यायाम दोन प्रकारच्या खांद्यांवर इतका वेगळा परिणाम करतो, ही गोष्ट आजही उपचाराची दिशा ठरवते. त्यामुळे ‘माझ्या मित्राचा खांदा व्यायामाने बरा झाला’ या वाक्याला मित्राचा खांदा कसा बिघडला होता हे कळल्याशिवाय अर्थ नाही.

वयाचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

एडिंबरातील संशोधकांनी १५ ते ३५ वयोगटातील, पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या २५२ रुग्णांचा पाठपुरावा केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन वर्षांत ५५.७ टक्के रुग्णांना पुन्हा अस्थिरतेचा त्रास झाला. पाच वर्षांत हे प्रमाण ६६.८ टक्क्यांवर गेले. सर्वाधिक धोका सर्वांत तरुण पुरुषांना होता.

तिशीनंतर हा धोका घटत जातो. त्यामुळे ३६ वर्षांच्या वोक्सने व्यायामाचा मार्ग विचारात घेणे अवाजवी नव्हते. हाच निर्णय १९ वर्षांच्या रग्बी किंवा कबड्डीपटूने घेतला असता, तर बहुतेक शल्यचिकित्सकांनी भुवया उंचावल्या असत्या. त्या वयात आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात पहिल्याच वेळी दुर्बिणीतून लॅब्रम शिवून घेण्याकडे कल वाढला आहे. बशीचे हाड पाचव्या हिश्श्याहून अधिक गेले असेल तर नुसते शिवूनही भागत नाही. मग खवाट्याच्याच एका उंचवट्याचा तुकडा कापून बशीच्या कडेला स्क्रूने बसवतात. फ्रान्सच्या लातार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

चाळिशीनंतर चित्र पुन्हा बदलते. खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता कमी, पण निखळताना रोटेटर कफच फाटण्याची शक्यता जास्त. म्हणून पन्नाशीच्या माणसाचा खांदा उतरून बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात वर जात नसेल, तर ‘जखडला असेल’ म्हणून सोडून न देता सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावा लागतो.

फिजिओथेरपीचा खरेच उपयोग होतो?

गेल्या पाच-सहा वर्षांतील तीन चाचण्यांचे निकाल एकमेकांशेजारी ठेवले, तर गोंधळ उडू शकतो.

डेन्मार्कमध्ये अपघाताने खांदा निखळलेल्या ५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली १२ आठवडे तोल, नियंत्रण आणि बळ यांवर बेतलेले व्यायाम दिले. उरलेल्यांना नेहमीचे घरगुती व्यायाम. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात देखरेखीखालचा गट पुढे होता.

ब्रिटनमध्ये ४८२ रुग्णांवर ‘आर्टिसन’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. एका गटाला फिजिओथेरपिस्टचा सल्ला एकदाच, सोबत माहितीपत्रक. दुसऱ्याला त्यावर फिजिओथेरपीची सत्रे. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या खांद्यांत लक्षणीय फरक नव्हता.

या निकालातून ‘फिजिओथेरपी निरुपयोगी’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्या चाचणीतील रुग्णांचे सरासरी वय ४५च्या आसपास होते. त्यांना कपाट उघडायचे होते, गाडी चालवायची होती, फार तर रविवारी पोहायचे होते. चांगला सल्ला मिळाला आणि तो पाळला, तर सामान्य कामांपुरता खांदा बऱ्याच जणांचा आपला आपण सावरतो, एवढेच ती सांगते. ज्याला पुन्हा झेप घ्यायची आहे, बार डोक्यावर उचलायचा आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे ज्यांना दर सत्राचे पैसे आणि प्रवास परवडत नाही, त्यांच्यासाठी मात्र हा निकाल दिलासा देणारा आहे. पहिल्या भेटीत नीट समजावून सांगितले, तर घरीही बरेच साधते.

तिसरी चाचणी वजन उचलणाऱ्यांच्या कामाची. तीही डेन्मार्कचीच, २०२२ मधील. जन्मतः सैल सांधे असलेल्या १०० जणांच्या दुखऱ्या, अस्थिर खांद्यांना १६ आठवडे व्यायाम दिले. एका गटाने रबरी पट्ट्यांनी हलके व्यायाम केले, तेही हालचालीच्या मधल्या टप्प्यातच. दुसऱ्याने डंबेल घेऊन, हालचालीच्या पूर्ण पल्ल्यात, टप्प्याटप्प्याने वाढवत जड व्यायाम केले. सोळा आठवड्यांनंतर जड वजनाचा गट पुढे होता. त्या गटात अंगदुखीसारख्या किरकोळ तक्रारी जास्त होत्या हे खरे, पण सैल खांद्याला वजन दाखवूच नये, या समजुतीला या चाचणीने धक्का दिला. अर्थात हे सगळे प्रशिक्षित व्यक्तीच्या नजरेखाली आणि वजन मोजूनमापून वाढवत झाले होते.

वजन कधी उचलायचे?

पहिले एक ते तीन आठवडे हात स्लिंगमध्ये असतो. या काळात बोटे, मनगट, कोपर हलवत राहायचे. स्लिंग जास्त दिवस ठेवल्याने खांदा पुन्हा निखळण्याचे प्रमाण कमी होते, असे दिसलेले नाही. उलट खांदा आखडतो.

त्यानंतर सुरू होतो तो हालचाल न करता बळ लावण्याचा टप्पा. कोपर कुशीला चिकटवून मूठ भिंतीवर दाबायची. आधी आतल्या बाजूने, मग बाहेरच्या. जोर पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतकाच. दिसायला हा व्यायाम क्षुल्लक आहे आणि म्हणूनच तो सर्वाधिक टाळला जातो. दुखापतीनंतर रोटेटर कफ जणू झोपी जातो. हा व्यायाम त्याला जागे करतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हात टेकवून करायचे व्यायाम येतात. भिंतीवर तळवे टेकून शरीर पुढे-मागे, मग टेबलावर, मग जमिनीवर. हात टेकलेला असताना शरीराचे वजन गोळ्याला बशीत दाबते, त्यामुळे सांधा अधिक सुरक्षित राहतो. शेवटी हात सरळ झाल्यावर खवाटे आणखी थोडे पुढे ढकलायचे. त्यातून खवाटा बरगड्यांना चिकटवून ठेवणारा स्नायू काम करतो. सोबत रबरी पट्टा ओढून रोइंग आणि कोपर कुशीला ठेवून हात बाहेर फिरवणे.

डंबेलची पाळी यानंतर. इथे थोडे गणित उपयोगी पडते. सत्तर किलोच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा असतो आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर. हात बाजूला आडवा धरला तर खांद्यावरचा भार ३.५ गुणिले ३०, म्हणजे १०५ एकक. आता मुठीत फक्त दोन किलोचे डंबेल घेतले. मूठ खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी १२० एकक. ‘दोनच किलो तर आहे’ म्हणताना भार दुपटीहून जास्त झालेला असतो. कोपर काटकोनात वाकवले तर डंबेलचा हा वाढीव भार जवळपास निम्मा होतो. म्हणून सुरुवातीला वजन शरीराजवळ आणि हात वाकलेला. तरफ लांबवणे हेसुद्धा वजन वाढवणेच आहे.

हात उचलायचा तो थेट बाजूला नाही. बाजू आणि समोर यांच्या मधल्या तिरप्या रेषेत, खांद्याच्या उंचीपर्यंत. ही रेषा खवाट्याच्या कोनाशी जुळते. वजन खाली आणताना वर नेण्यापेक्षा दुप्पट वेळ घ्यायचा. खांदा बहुधा निसटतो तो हात अनपेक्षितपणे ओढला जातो तेव्हा, आणि त्या क्षणी स्नायूंना ताणले जात असतानाच रोखून धरावे लागते. हळूहळू खाली आणण्यात त्याचाच सराव होतो.

डोक्यावर वजन नेणे आणि हात बाजूला-मागे नेऊन फिरवणे शेवटी. साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास, तेही आधीचे सगळे विनातक्रार जमले तर. आठवड्यांचे हे आकडे ढोबळ आहेत. शस्त्रक्रिया झाली असेल तर शिवलेली कड जुळण्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि संपूर्ण वेळापत्रक पुढे सरकते.

वजन वाढवायचे की नाही, हे ठरवणारा सर्वांत विश्वासू संकेत दुखणे नसून धास्ती असतो. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे चालते. पण एखाद्या कोनात हात नेताना ‘आता निसटणार’ असे आतून वाटले, तर तिथे थांबून वजन आणि पल्ला दोन्ही कमी करावे लागतात. डॉक्टर तपासतानाही हीच धास्ती जागी करून पाहतात. ती दाबून टाकून रेटा देण्याची सवय जिममध्ये बहादुरी समजली जाते. अस्थिर खांद्याच्या बाबतीत ती सरळ सरळ मूर्खपणा आहे.

जिममधले कोणते प्रकार अडचणीचे?

पुढच्या बाजूने निखळलेल्या खांद्याला मानेमागून खाली आणायचा बार, मग तो शोल्डर प्रेसचा असो की लॅट पुलडाऊनचा, थेट धोक्याच्या स्थितीत नेतो. रुंद पकडीचा बेंच प्रेस छातीला टेकेपर्यंत आणणे, डंबेल फ्लायमध्ये हात शरीराच्या रेषेखाली सोडणे आणि खोल डिप्स यांतही तेच होते. पकड अरुंद करणे, कोपरे शरीराजवळ ठेवणे आणि बाकाऐवजी जमिनीवर झोपून प्रेस करणे हे सोपे उपाय आहेत. जमीन कोपराला आपोआप थांबवते.

मागच्या बाजूला अस्थिर असलेल्या खांद्याचे गणित नेमके उलटे. तिथे बेंच प्रेस आणि जोर मारणे हेच गोळ्याला मागे ढकलतात. सर्वच दिशांना सैल असलेल्या खांद्यात जड डेडलिफ्ट किंवा दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे गोळ्याला खाली ओढते. त्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणारी ‘खांद्यासाठी पाच सर्वोत्तम व्यायाम’ छापाची रील कोणाच्या खांद्यासाठी आहे, हेच त्यात सांगितलेले नसते.

आखाड्यातील मुद्गलाबाबतही असेच. मुद्गल फिरवताना हात डोक्यावरून मागे जातो आणि वजन टोकाला असते. नुकत्याच निखळलेल्या खांद्याला ते झेपणारे नाही. शेवटच्या टप्प्यात, हलका मुद्गल घेऊन, मात्र संपूर्ण पल्ल्यात नियंत्रण शिकवणारे तितके चांगले साधन क्वचितच सापडेल. तालमीतल्या वस्तादाला दुखापत लपवून ठेवणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार, हा भाग वेगळा.

आणखी एक सवय या सगळ्याच्या मुळाशी आहे. छातीचा दिवस आठवड्यातून दोनदा आणि पाठीचा जमला तर. छातीचे आणि पुढच्या बाजूचे स्नायू हात आत फिरवतात. बाहेर फिरवणारे मागचे स्नायू मुळातच त्यांच्याहून कमी ताकदीचे. त्यांच्याकडे दुर्लक्ष केले की ही तफावत वाढत जाते.

मैदानावर परतण्याचा निकष कोणता?

कॅलेंडर हा निकष नाही, असे आता बहुतेक क्रीडा वैद्यक तज्ज्ञ मानतात. हालचालीचा पल्ला पूर्ण हवा, दुखऱ्या बाजूचे बळ चांगल्या बाजूच्या किमान ९० टक्के हवे आणि धोक्याच्या स्थितीत धास्ती वाटायला नको. एक साधी चाचणी घरातही समजण्यासारखी आहे. जमिनीवर ३६ इंचांच्या अंतराने दोन पट्ट्या चिकटवायच्या, त्यांवर तळवे ठेवून पुश-अपच्या स्थितीत राहायचे आणि एका हाताने दुसऱ्या पट्टीला स्पर्श करत हात अदलाबदल करायचे. १५ सेकंदांत किती स्पर्श होतात आणि धड किती डगमगते, ते पाहतात. ही चाचणी फिजिओथेरपिस्टसमोर आणि शेवटच्या टप्प्यातच करायची असते.

श्रेयस अय्यरचे उदाहरण भारतीय प्रेक्षकांना आठवत असेल. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात आठव्या षटकात झेप घेताना त्याचा डावा खांदा अर्धवट निखळला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, दिल्ली कॅपिटल्सचे कर्णधारपद ऋषभ पंतकडे गेले. करोनामुळे थांबलेली आयपीएल सप्टेंबरमध्ये अमिरातीत पुन्हा सुरू झाली तेव्हा २२ तारखेला तो सनरायझर्स हैदराबादविरुद्ध खेळला आणि नाबाद ४७ धावा करून परतला. नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणात शतक. शस्त्रक्रियेपासून पुनरागमनापर्यंत साडेपाच महिने लागले होते. स्पर्धा थांबली नसती तर तो हंगाम त्याच्या हातून पूर्णच गेला असता.

उतरलेला खांदा ओढून बसवावा का?

मैदानावर किंवा दहीहंडीच्या गर्दीत ‘ओढ, बसेल’ म्हणणारे हात लगेच पुढे येतात. गावोगावी हाडवैद्यही आहेत. अडचण अशी की बाहेरून सारखाच दिसणारा खांदा आतून मोडलेलाही असू शकतो. दंडाचे हाड मोडलेले असताना हिसका दिला तर मोडलेले टोक सरकते. सांध्याला वळसा घालून जाणारी नस ताणली गेली असेल, तर दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात हात लावलेला कळत नाही. ही बधिरता बसवण्याआधी तपासून नोंदवली नाही, तर इजा पडल्यामुळे झाली की ओढल्यामुळे, हे नंतर सांगता येत नाही. हात आहे त्या स्थितीत ओढणी किंवा टॉवेलने शरीराला बांधून, काही खायला-प्यायला न देता रुग्णालयात नेणे आणि आधी एक्स-रे काढणे, हा सुरक्षित क्रम आहे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून पोट रिकामे असलेले बरे.

बसवल्यावर दुखणे झपाट्याने कमी होते आणि गफलत तिथेच होते. खांदा जागेवर गेला म्हणजे बरा झाला, असे समजून अनेक जण महिन्याभरात पुन्हा जिममध्ये किंवा मैदानात दिसतात. स्नायूंचा व्यायाम खरा सुरू व्हायचा असतो तेव्हाच तो सोडला जातो. दुसऱ्यांदा निखळताना लागणारा धक्का पहिल्याहून कमी असतो, तिसऱ्यांदा आणखी कमी. काहींचा खांदा पुढे झोपेत कूस बदलतानाही निसटतो, आणि प्रत्येक वेळी बशीची कड थोडी थोडी झिजत जाते.

वोक्सचे पुढे काय?

आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले तरी काउंटी आणि फ्रँचायझी क्रिकेट खेळत राहण्याचा इरादा वोक्सने २०२५ मध्ये निवृत्ती घेताना जाहीर केला होता. म्हणजे खांदा त्याला लागणारच होता. बदलले होते ते वेळापत्रक. पर्थ गाठण्यासाठीची आठ आठवड्यांची घाई तेव्हा राहिली नव्हती. इंग्लंडमधील काउंटी हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. निवृत्तीच्या वेळी तोवर सहा महिने होते आणि त्या अवधीत शस्त्रक्रिया आणि व्यायाम हे दोन्ही मार्ग बसत होते.